गाडीला जादा दिवे लावताना : बिघाड कोठे शोधावा?



दसरा उलटला की आपल्या वऱ्हाडात कापसाची वेचणी जोर धरते. दिवसभर वेचणी, सायंकाळी वजन, मग ट्रॉली भरायची आणि पहाटे नंबर लागावा म्हणून रात्रीच अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर, अंजनगाव नाहीतर धामणगावची वाट धरायची. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या गाड्याही दिवस मावळल्यावरच भरून निघतात. म्हणजे आपल्या मालाची बरीचशी वाहतूक अंधारात होते.

पूर्वी बैलबंडी होती तेव्हा बंडीखाली एक कंदील टांगला की काम भागत असे. १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली, त्यानंतर खरेदी केंद्रांसमोर बंड्यांच्या लांबच लांब रांगा लागत. त्या काळी रस्त्यावर गाड्याच थोड्या आणि त्यांचा वेगही बेताचा. आता तसे राहिले नाही. अमरावती-अकोला हा रस्ता, म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६ आणि आताचा ५३, सुधारला. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर एका मार्गिकेचे ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग करून जागतिक विक्रम झाला. रस्ता चांगला झाला ही आनंदाची गोष्ट आहे. पण चांगल्या रस्त्यावर गाड्या वेगाने धावतात आणि आपली भरलेली ट्रॉली मात्र ताशी वीसच्या चालीने जाते.

म्हणून पुष्कळ शेतकरी आपल्या ट्रॅक्टरला, ट्रॉलीला, छोट्या मालवाहू गाडीला किंवा ट्रकला जादा दिवे बसवून घेतात. विचार योग्यच आहे. मात्र दिवे बसवल्यावर महिन्याभरात तक्रारी सुरू होतात. दिवे मंद जळतात. फ्यूज वारंवार उडतो. ब्रेक दाबला की भलताच दिवा लागतो. सकाळी गाडी ढकलल्याशिवाय सुरू होत नाही. मग बल्ब बदलला जातो, पुन्हा बदलला जातो, आणि शेवटी कंटाळून दिव्यांचा नाद सोडला जातो. ट्रॉली पुन्हा अंधारात धावू लागते.

खरे पाहता अशा दहा तक्रारींपैकी फार थोड्यांत दोष बल्बचा असतो. दोष असतो तो वीज दिव्यापर्यंत नेणाऱ्या वाटेत किंवा दिव्यापासून बॅटरीकडे परत आणणाऱ्या वाटेत. ही परतीची वाट बहुतेकजण विसरतात. ती कशी पहावी आणि बिघाड क्रमाने कसा शोधावा, ते या लेखात सांगायचे आहे.

आधी मागचा दिवा, मग पुढचा

जादा दिवा म्हटला की आपले लक्ष पुढे जाते. पुढे झगझगीत उजेड पडला की बरे वाटते. पण जीव वाचवतो तो मागचा लाल दिवा. थोडा हिशेब करून पहा. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर तोडते. चालकाला अडथळा दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच ३० मीटरच्या वर जातात, आणि गाडी थांबायला त्यापुढे आणखी ४० मीटर तरी लागतात. भरलेल्या ट्रकला याहून जास्त. उतरत्या प्रकाशात मातकट रंगाची विनादिव्याची ट्रॉली पुष्कळदा ४०-५० मीटरवर आल्यावरच दिसते. म्हणजे दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. त्यांप्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत गाडीचे दिवे लागलेले असले पाहिजेत, आणि मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. १५५ मीटर तोडायला त्या वेगवान मोटारीला सात सेकंद लागतात. ही सात सेकंदे ज्याच्या हाती पडली तो सावरतो.

त्याच नियमांत आणखी काही गोष्टी आहेत. पुढच्या बाजूला लाल दिवा लावू नये. मागच्या बाजूला पांढरा दिवा लावू नये. नंबरप्लेटचा आणि गाडी मागे घेतानाचा दिवा हे अपवाद. झोताचा दिवा म्हणजे सर्चलाइट पुढे बसवायचा तर परिवहन कार्यालयाची आधी परवानगी हवी. रात्रीच्या नांगरणीसाठी ट्रॅक्टरच्या मागे पांढरा दिवा असतो, तो वावरात उपयोगी खरा. पण सडकेवर तो मागून येणाऱ्याच्या डोळ्यांवर येतो. म्हणून त्याला वेगळे बटण ठेवावे आणि सडकेला लागताच तो बंद करावा.

वीज पाण्यासारखी समजा

ज्यांनी ठिबक संच वापरला आहे त्यांना हे समजायला जड नाही. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब. अँपिअर म्हणजे पाण्याचा प्रवाह. वायर म्हणजे पाइप. बारीक आणि लांब पाइपातून जास्त पाणी न्यायला गेलात तर शेवटच्या झाडापाशी दाब उरत नाही. विजेचेही तसेच आहे.

वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर निघतात. ट्रॅक्टर १२ व्होल्टचा असतो. ५५ वॅटचा एक दिवा ५५ भागिले १२ म्हणजे सुमारे साडेचार अँपिअर घेतो. अशा दोन दिव्यांना सुमारे नऊ अँपिअर लागतात. आता हे नऊ अँपिअर पाऊण चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरीतून पाच मीटर नेले, तर वाटेतच एक व्होल्टच्या वर दाब खर्च होतो. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घातली तर तोच खर्च एक तृतीयांश व्होल्टवर येतो. एका व्होल्टने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. तर दिव्याला दहा टक्के दाब कमी मिळाला की त्याचा उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. पैसे पूर्ण दिव्याचे मोजले आणि उजेड दोन-तृतीयांशच मिळाला, असा हा व्यवहार होतो.

दुसरा हिशेब उत्पन्नाचा. गाडीवर वीज तयार करतो तो अल्टरनेटर. पुष्कळ ट्रॅक्टरांवर तो ३६ ते ४२ अँपिअरचा असतो. नक्की आकडा त्याच्या पट्टीवर लिहिलेला असतो. ट्रॅक्टरचे मूळ दिवे आणि ट्रॉलीचे दिवे मिळून १४-१५ अँपिअर घेतात असे धरू. त्यावर ५५ वॅटचे चार जादा दिवे चढवले की आणखी १८ लागतात. बेरीज ३२-३३ वर जाते. कागदावर हे जमते. पण अल्टरनेटर पूर्ण उत्पन्न देतो ते इंजिन वेगात असताना. बाजाराबाहेर रांगेत इंजिन मंद फिरत असते, तेव्हा उत्पन्न फार कमी होते आणि सगळा भार बॅटरीवर पडतो. सकाळी ट्रॅक्टर ढकलावा लागतो तो यामुळे. बॅटरी खराब आली म्हणून दुकानदाराशी भांडण्यापूर्वी हा हिशेब जरूर करावा.

जोडणीची योग्य रीत

विहिरीवरचा पंप आपण साध्या बटणाने चालवत नाही. मध्ये स्टार्टर असतो. छोटे बटण दाबले की स्टार्टर ओढला जातो आणि मोटारीचा मोठा प्रवाह स्टार्टरमधून जातो. गाडीत हेच काम रिले करतो. जादा दिव्यांना रिले लावलाच पाहिजे. नाहीतर नऊ-दहा अँपिअर डॅशबोर्डवरच्या नाजूक बटणातून जातात. बटण तापते, वितळते, आणि कधी धूरही निघतो.

रिलेच्या टोकांवर आकडे छापलेले असतात. ३० क्रमांकाच्या टोकाला बॅटरीच्या धन टोकाकडून फ्यूजमार्गे येणारी जाड वायर जोडावी. ८७ वरून दिव्याकडे जाड वायर न्यावी. ८६ ला बटणाकडून येणारी बारीक वायर आणि ८५ ला अर्थ, म्हणजे गाडीच्या सांगाड्याकडे जाणारी वायर जोडावी. रिले घेताना १२ व्होल्टचा की २४ व्होल्टचा ते वाचून घ्यावे.

फ्यूज बॅटरीपासून शक्य तितका जवळ बसवावा. दूर बसवला तर फ्यूजच्या अलीकडे वायर घासून उघडी पडल्यास तिला कोणतेच संरक्षण राहत नाही. फ्यूजचा आकडा चालू भाराच्या सुमारे दीडपट असावा. नऊ अँपिअरच्या भाराला १५ अँपिअरचा फ्यूज योग्य. वायर मात्र फ्यूजपेक्षा जास्त भार सोसणारी हवी. फ्यूज जळला की सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळणे किंवा तांब्याची तार अडकवणे हा प्रकार सर्रास चालतो. डीपीवर जाड तार टाकल्याने काय होते ते आपल्या गावांनी पाहिले आहे. गाडीत तेच घडते. तिथे फ्यूजऐवजी वायर जळते.

वायरी नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळू नये. पहिल्या पावसात पाणी आत शिरते आणि तांबे हिरवे पडते. टोकांना लग दाबून बसवावेत किंवा डाक द्यावा, आणि वर तापवल्यावर आवळणारी नळी चढवावी. पत्र्याच्या छिद्रातून वायर जाते तेथे रबरी वायसर घालावा. दिव्यात शिरण्यापूर्वी वायरीला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून दिव्यात न जाता झोळावरून खाली टपकेल.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक आधी सोडावे आणि काम संपल्यावर ते सर्वांत शेवटी जोडावे. असे केल्याने पान्हा चुकून सांगाड्याला लागला तरी ठिणगी उडत नाही.

परतीची वाट

घरात विजेला दोन तारा असतात. गाडीत मात्र वीज दिव्यापर्यंत वायरीने जाते आणि परत येते ती गाडीच्या लोखंडातून. यालाच मिस्तरी ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते ते याचसाठी. आता रंग, गंज, चिखल आणि ग्रीस यांतून वीज नीट जात नाही. दिव्याची काळी वायर रंगवलेल्या पत्र्यावर स्क्रूने आवळली की काम झाले असे वाटते, पण परतीची वाट अर्धी बंदच असते.

म्हणून अर्थची जागा पॉलिश पेपरने लख्ख होईपर्यंत घासावी, दातेरी वायसर घालून बोल्ट घट्ट आवळावा आणि मग वरून ग्रीस लावावे. आधी ग्रीस आणि मग बोल्ट असे करू नये. त्याहून चांगले म्हणजे अर्थचीही स्वतंत्र वायर सांगाड्याच्या जाड लोखंडापर्यंत किंवा थेट बॅटरीपर्यंत न्यावी. तीही धन वायरीइतकीच जाड असावी.

ट्रॉलीच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे आहे. ट्रॉलीला परतीची वायर नसेल तर वीज जोडणीच्या खिळीतून म्हणजे हूक-पिनमधून परत येते. ती पिन कधी गंजलेली, कधी ग्रीसने माखलेली असते आणि खड्ड्यात सारखी उसळते. मग मागचे दिवे लुकलुकतात. ट्रॅक्टर-ट्रॉलीसाठी सात खिळ्यांचा प्लग-सॉकेट मिळतो. त्यातले एक टोक खास अर्थसाठी असते आणि त्यावर ३१ हा आकडा असतो. ते टोक रिकामे न ठेवता त्यातून अडीच चौरस मिलिमीटरची वायर ट्रॉलीच्या प्रत्येक दिव्यापर्यंत न्यावी. बाकीची टोके ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेतल्या आकृतीप्रमाणे जोडावीत, म्हणजे एकाची ट्रॉली दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला लावली तरी दिवे बरोबर लागतील.

बिघाड क्रमाने शोधावा

पीक पिवळे पडले की आपण लगेच फवारणी करत नाही. आधी मूळ पाहतो, ओल पाहतो, मग पान पाहतो. येथेही तोच क्रम ठेवावा. हत्यारे दोनच पुरतात. एक मल्टीमीटर. दुसरे घरीच करता येणारा टेस्ट लॅम्प : पार्किंगचा ५ वॅटचा बल्ब, त्याला दोन वायरी, एकीला चिमटा आणि दुसरीला टोकदार सळई. नव्या गाड्यांत संगणकाच्या बारीक वायरी असतात, त्यांना मात्र हा दिवा लावू नये.

पहिली पायरी, बॅटरी. गाडी काही तास बंद ठेवून मीटर लावावा. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर सुमारे १२.६ दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उतरली. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग इंजिन चालू करून थोडा वेग द्यावा. आता १३.८ ते १४.५ दिसले पाहिजे. न वाढल्यास अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पहावा. १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडला आहे. बल्ब वारंवार जळण्याचे कारण तेच. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर खाण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून धुवावी, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. टोके कोरडी करून आवळावीत आणि वर व्हॅसलीन लावावे.

दुसरी पायरी, फ्यूज आणि रिले. फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहू नये. दोन्ही बाजूंना टेस्ट लॅम्प लावून पहावा. मग बटण दाबून रिलेवर बोट ठेवावे. ‘टिक’ जाणवली तर बटणाची बाजू ठीक आहे, दोष जाड वायरीच्या बाजूला आहे. टिक नसेल तर ८५ आणि ८६ च्या वायरी पहाव्यात. टिक-टिक सारखी होत असेल तर बॅटरी उतरलेली आहे किंवा अर्थ ढिली आहे.

तिसरी पायरी, जाण्याची वाट. हे दिवा लावून, भार चालू असतानाच पहावे. कारण वायरीची एकच तार शाबूत राहिली असली तरी भार नसताना मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो आणि आपली फसगत होते. मीटरची एक सळई बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी दिव्याच्या धन टोकावर ठेवावी. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर वाटेत कोठेतरी सांधा खराब आहे किंवा वायर बारीक आहे.

चौथी पायरी, परतीची वाट. दिवा चालूच ठेवून एक सळई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी दिव्याच्या अर्थवर ठेवावी. पाव व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. एक व्होल्ट किंवा अधिक दिसले तर अर्थ खराब आहे हे नक्की समजावे. मीटर नसेल तर एक जाड वायर दिव्याच्या अर्थपासून थेट बॅटरीच्या ऋण टोकाला क्षणभर लावून पहावी. दिवा एकदम उजळला की दोष सापडला.

या चार पायऱ्या झाल्यावरही दिवा लागत नसेल तरच बल्ब बदलावा.

नेहमीच्या तक्रारी आणि त्यांची कारणे

ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, किंवा मागचा दिवा विझतो : ट्रॉलीची अर्थ तुटली आहे. परतीची वाट बंद झाल्याने वीज दुसऱ्या दिव्याच्या तारेतून आडवाटेने परत जाते. एक अर्थ नीट केली की हे सगळे एकदम थांबते. यासाठी सगळे बल्ब बदलण्यात पैसे घालवू नयेत.

पार्किंगला दिवा प्रखर आणि ब्रेक दाबल्यावर मंद : मागच्या दिव्याच्या बल्बमध्ये दोन तारा असतात, २१ वॅटची ब्रेकची आणि ५ वॅटची पार्किंगची. त्याच्या बुडाला असलेल्या दोन खिळ्यांची उंची मुद्दाम वेगवेगळी ठेवलेली असते. बल्ब जोर लावून उलटा बसवला की दोन्ही कामांची अदलाबदल होते. नाहीतर प्लगमधल्या वायरी उलट जोडल्या गेल्या असतील.

बटण दाबताच फ्यूज उडतो : धन वायर कोठेतरी सांगाड्याला टेकली आहे. दिव्याची वायर सोडून पहावी. तरी उडाला तर दोष वायरीत आहे, थांबला तर दिव्यात किंवा होल्डरमध्ये. पत्र्याच्या कडा, ट्रॉलीचा बिजागर आणि सायलेन्सरजवळची जागा आधी पहावी. उन्हाळाभर शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायर ही नेहमीची गोष्ट आहे.

फ्यूज रस्त्यात अधूनमधून उडतो : वायर खड्ड्यात हलून टेकते. दिवे चालू ठेवून वायरींचा जुडगा हाताने एकेक वीत हलवत जावे. जेथे दिवा लुकलुकेल तेथे उघडावे.

इंडिकेटरची उघडझाप फार जलद किंवा फार सावकाश होते : एखादा बल्ब गेला आहे किंवा जादा बल्ब, एलईडी लावल्याने फ्लॅशरवरचा भार बदलला आहे. मिनिटाला ६० ते १२० वेळा उघडझाप व्हावी. भार बदलला तर त्याप्रमाणे फ्लॅशरही बदलावा.

एलईडी दिवा लागतच नाही : साध्या बल्बला धन-ऋण उलटे चालते, एलईडीला चालत नाही. वायरी उलटून पहाव्यात. एलईडी कमी वीज घेतो हा त्याचा मोठा गुण. १८ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर दीडच अँपिअर घेतो. म्हणून अल्टरनेटरवर भार वाढवायचा नसेल तर एलईडी बरा. मात्र त्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जाणार नाही असा खाली वळवून बसवावा.

ट्रकवाल्यांसाठी विशेष सूचना

मोठ्या ट्रकवर १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. ट्रॅक्टरचे १२ व्होल्टचे दिवे घरात पडलेले असतात, ते ट्रकला लावावेत असे वाटते. थेट लावले तर क्षणात जळतात. मग एखादा मिस्तरी दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून देतो. दिवे लागतात, पण यामुळे एक बॅटरी रोज उतरते आणि दुसरी जास्त भरली जाते. काही महिन्यांत दोन्ही बाद होतात. त्यापेक्षा २४ व्होल्टचेच दिवे आणि २४ व्होल्टचाच रिले घ्यावा. २४ व्होल्टवर ७० वॅटचा दिवा सुमारे तीन अँपिअरच घेतो. अशा दोन दिव्यांना १० अँपिअरचा फ्यूज पुरतो.

नव्या गाड्यांत इंजिनाचा कारभार संगणकावर चालतो. अशा गाडीतली हाताला लागेल ती वायर कापून तिला दिवा जोडू नये. बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूज आणि रिलेमार्गे वीज घ्यावी, आणि गाडी मुदतीत असेल तर कंपनीच्या कारखान्यातच काम करून घ्यावे. गाडीला किंवा जोडलेल्या ट्रॉलीला वेल्डिंग करायचे असल्यास आधी बॅटरी सोडावी, हेही विसरू नये.

कापूस आणि ठिणगी

सैल भरलेला कापूस किती पटकन पेटतो ते सांगायला नको. ट्रॉलीच्या आतल्या बाजूने वायर नेऊ नये. ती खालच्या सांगाड्याला, नळीत घालून, दर हातभर अंतरावर बांधावी. हॅलोजन दिव्याची काच फार तापते, म्हणून असा दिवा कापसाला, कडब्याला किंवा ताडपत्रीला टेकता कामा नये. वर्षभराच्या मेहनतीची ट्रॉली एका उघड्या सांध्यामुळे रस्त्यात पेटली, तर नुकसान नुसत्या कापसाचे होत नाही. गाडीत वाळू भरलेली बादली किंवा कोरड्या भुकटीचे आग विझवण्याचे नळकांडे ठेवावे.

दुसरी गोष्ट भराईची. कापूस, कडबा किंवा पऱ्हाटी ट्रॉलीच्या बाहेर फुगते आणि ताडपत्रीचे टोक लोंबते. त्यामागे चांगला दिवाही झाकला जातो. भरल्यानंतर मागे जाऊन दिवे दिसतात का ते पहावे. दिसत नसतील तर ताडपत्री दोरीने वर बांधावी. मागच्या फळीवर लाल आणि बाजूंना पिवळी चमकपट्टी लावावी. तिला वीज लागत नाही, बिघाड होत नाही, आणि दिवा गेलाच तरी ती मागच्या गाडीच्या उजेडात चमकते. तिच्यावरची काळ्या मातीची पुटे मात्र फडक्याने रोज पुसावी लागतात.

निघण्यापूर्वी दोन मिनिटे

मागचे दिवे चालकाला बसल्या जागेवरून दिसत नाहीत. म्हणून निघताना घरातल्या कोणालातरी मागे, जरा अंतरावर उभे करावे. चालकाने पार्किंग, ब्रेक, डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर असे क्रमाने लावावेत आणि मागच्याने मोठ्याने सांगत जावे. कारभारणीला किंवा शाळेतल्या मुलालाही हे काम जमते. मात्र मूल मागे उभे असेपर्यंत गाडी गियरमध्ये टाकू नये आणि हँडब्रेक लावलेला ठेवावा. रात्री रस्त्यात गाडी बंद पडली तर तिला शक्य तितकी कडेला घ्यावी, मागे काही अंतरावर लाल चमकता त्रिकोण ठेवावा आणि ट्रॉलीच्या मागच्या बाजूला कोणीही उभे राहू नये.

गाडीच्या पेटीत चार वस्तू नेहमी असाव्यात : योग्य आकड्याचे जादा फ्यूज, मागच्या दिव्याचे दोन बल्ब, टेस्ट लॅम्प आणि पॉलिश पेपरचा तुकडा. या सगळ्यांचा खर्च एका दिवसाच्या डिझेलपेक्षाही कमी आहे.

हंगाम अंगावर आल्यावर मिस्तरीला फुरसत नसते आणि आपल्यालाही नसते. म्हणून पोळा झाला की एक दिवस यासाठी राखून ठेवावा. बैल होते तेव्हा आपण पोळ्याला त्यांचे खूर, शिंगे पाहत होतो, वेसण बदलत होतो. आज ओढण्याचे काम ट्रॅक्टरकडे आले आहे, तर त्याच दिवसांत त्याच्या वायरी पहाव्यात, अर्थ घासावी, मागचा दिवा पुसावा. कापूस बाजारात पोचणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो विकून माणूस घरी परतणेही महत्त्वाचे आहे.